कपभर दुधात नको, चमचाभर घासात

पत्र

"ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. कान दुखतोय म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आतून इन्फेक्शन आहे म्हणून सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. बाटलीवर अमॉक्सिसिलिन आणि पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट असं लिहिलंय, पाणी घालून तयार करायचं ते. सकाळ-संध्याकाळ पाच मिली. पहिल्याच दिवशी त्यानं तोंडात घेतलं आणि सगळं थुंकून टाकलं. मग मी ते त्याच्या चॉकलेट पावडरच्या दुधात घालायला लागले. एक-दोन दिवस प्यायला, आता अर्धा कप तसाच ठेवतो. काल तर औषध न घातलेलं दूधही त्यानं हुंगून बाजूला सारलं. उरलेलं दूध मी झाकून ठेवते आणि नंतर परत देऊन बघते, औषध वाया जायला नको म्हणून.

सासूबाई म्हणतात, नाक दाबून चमचा घशात रिकामा कर, आम्ही सगळी मुलं अशीच वाढवली. यांचं म्हणणं, कसंही करून पोटात गेल्याशी मतलब. वरणभातात कालवून दिलं तर चालेल का? धाकटी आठ महिन्यांची आहे. तिला आशाताईंनी लोहाचं औषध दिलंय. ते मधातून चाटव असं घरी सांगतात, मी दुधातून देते. नक्की काय बरोबर?

दोन मुलांची आई, कराड"

उत्तर

आधी एक काम करा. झाकून ठेवलेलं दूध असेल तर ते ओतून टाका. औषध मिसळलेलं दूध तासन्‌तास बाहेर राहिलं की दूधही बिघडायला लागतं आणि औषधही. तुमच्या बाटलीतलं क्लॅव्ह्युलॅनेट ओलावा आणि उष्णता या दोन्हींना नाजूक असतं. म्हणूनच ते कोरड्या पावडरीच्या रूपात येतं, पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि सात दिवसांनी उरलेलं फेकावं लागतं. गरम दुधात घालून दिवसभर ओट्यावर ठेवलेल्या डोसमध्ये संध्याकाळी किती दम उरला असेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट. अमॉक्सिसिलिनचं आणि दुधाचं वैर नाही. हे औषध थोड्या दुधातून किंवा सरबतातून दिलं तर चालतं, फक्त मिसळल्याबरोबर द्यायचं आणि थेंबही मागे ठेवायचा नाही. तुमचा घोळ झाला तो कपाच्या आकारामुळे. दीडशे मिलीच्या कपात पाच मिली औषध घातलं आणि मुलानं पन्नास-साठ मिली दूध ठेवलं, तर त्याला औषध किती मिळालं? हिशेब म्हणतो साधारण तीन मिली, पण तोही खरा नाही. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांनी तरंगत असतं. म्हणून तर बाटली प्रत्येक वेळी हलवायची. कपात ते तळाला बसतं, चॉकलेटच्या गाळाबरोबर राहतं, कडेला आणि सायीला चिकटतं. म्हणजे जो तळाचा घोट तो नेमका टाकतो, त्यातच जास्त औषध असण्याची शक्यता. अँटिबायोटिकचा डोस असा अर्धामुर्धा जात राहिला तर जंतू पुरते मरत नाहीत आणि दुखणं रेंगाळतं. तुमच्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. पोटात गेल्याशी मतलब हे खरंच आहे, पण किती गेलं हे कळलंच नाही तर गेलं असं म्हणता येत नाही.

म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा आणि सरळ सांगा, की अमुक दिवस डोस अर्धवट गेले. त्यात संकोच कसला? त्यांना हे कळलंच पाहिजे. औषध आणखी दिवस वाढवायचं की आहे तेवढंच पुरं करायचं, हे ते ठरवतील. राहिलेलं भरून काढायला तुम्ही मनानं दुप्पट डोस देऊ नका. औषध नीट सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप आणि ठणका उतरायला हवा. उतरला नाही किंवा कानामागे सूज, लाली दिसली तर फोनवर भागवू नका, घेऊन जा.

वरणभातात कालवू का, असं तुम्ही विचारलंय. नको. ज्या जेवणावर मूल जगतं त्यात औषध घालायचं नाही. दुधाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. उद्या वरणभाताचं तसंच झालं तर आजारातून उठणाऱ्या मुलाला खायला काय घालणार? शिवाय वाटीभर भातात पाच मिली औषध पसरलं, की शेवटच्या चार घासांसाठी तुम्ही ताटाभोवती फिरत बसणार. वरणभात, पेज, खिचडी, दूध, बाटलीतलं दूध ही सगळी औषधापासून लांबच ठेवा.

मिसळायचंच तर एका चमच्यात मिसळा. फार तर दोन. आधी औषध मापानं मोजून घ्यायचं, मग त्यात गोड, घट्ट, गार असं काहीतरी एक चमचा घालायचं, ढवळायचं आणि तिथल्या तिथे भरवायचं. तुमच्या या औषधासाठी चॉकलेट सिरप छान, कारण चॉकलेट कडूपणा चांगला झाकतं. कुस्करलेलं केळं चालेल, जॅम चालेल, आमरस असेल तर तोही. गरम काहीही नको. चमचा संपला की वाटीत काही राहिलं का बघा, राहिलं असेल तर त्यावरच आणखी अर्धा चमचा केळं फिरवून तेही द्या. आणि लगेच वर दोन घोट पाणी, म्हणजे चवही जाते आणि साखर दातांवर बसत नाही. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासाबरोबर दिलेलं बरं. पोटात कमी ढवळतं आणि क्लॅव्ह्युलॅनेट अंगात चांगलं शोषलं जातं.

पण माझं मत विचाराल तर या वयाच्या मुलाला शक्यतो काही न मिसळता, सिरिंजनं द्यावं. मेडिकलमधून सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज आणा. दहा-पंधरा रुपयांच्या आतबाहेर मिळते आणि घरातल्या कुठल्याही चमच्यापेक्षा खरं माप देते. पोहे खायचा चमचा वेगळा, चहाचा वेगळा, सासूबाईंच्या स्टीलच्या संचातला आणखी वेगळा. पाच मिली म्हणून कुणी तीन देतं, कुणी सात. आमच्या औषधखिडकीवर आयांना घरचा चमचा घेऊन यायला सांगून त्यात सिरिंजनं पाच मिली पाणी घालून दाखवलं, की त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

द्यायचं कसं, ते सांगते. बाटली चांगली हलवा. औषध सिरिंजमध्ये पाचच्या रेषेपर्यंत ओढा, बुडबुडा असेल तर काढा. मुलाला मांडीवर सरळ बसवा, झोपवू नका. आधी जिभेवर एक गार काहीतरी द्या, बर्फाचा खडा चोखायला किंवा कुल्फीचा एक चाटा. जीभ गार पडली की चव बोथट होते. मग सिरिंजचं टोक जिभेवर नाही, गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढांच्या दिशेनं ठेवा. तिथे चव कमी कळते. एकेक मिली सोडा, गिळू द्या, पुन्हा सोडा. घाई करू नका. सगळं एकदम सोडलं की ते परत तुमच्या अंगावर येणार. शेवटी त्याला आवडेल असं काहीतरी गोड, गुळाचा खडासुद्धा चालतो.

आणि त्याला सांगा की हे औषध आहे. साडेचार वर्षांचं मूल हे समजू शकतं. दुधात लपवलेलं त्याला कळलं, म्हणून तर तो आता प्रत्येक कप हुंगून बघतोय. आईनं दिलेल्या दुधावरचा त्याचा भरवसा डळमळलाय, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. औषध खाऊ आहे, चॉकलेट आहे असंही म्हणू नका. चॉकलेट म्हटलेली बाटली मूल एक दिवस एकटं असताना उघडतं. साधं सांगा: "हे कडू आहे, मला माहीत आहे. कानातला ठणका जायला ते लागतं. पाच वेळा गिळलंस की संपलं." त्याला निवड द्या, पण घ्यायचं की नाही याची नाही, तर आधी कुल्फी की बर्फ, नंतर केळं की गूळ याची. सिरिंजचा दट्ट्या त्याला स्वतःला हळू ढकलू द्या, तुमचा हात त्यावर ठेवून. बरीच मुलं इथे बदलतात, कारण त्यांच्यावर कुणी काही करत नसतं, ती स्वतः काहीतरी करत असतात.

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे येते. त्यांच्या काळात हेच घरोघर चालायचं. बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, नाक धरायचं आणि बोंडल्यानं औषध ओतायचं. त्यामागची माया मला कळते. पण हे करू देऊ नका. नाक दाबलं की मूल तोंडानं श्वास ओढतं. नेमक्या त्या वेळी तोंडात औषध असतं आणि ते श्वासाबरोबर श्वासनलिकेत जाऊ शकतं. ठसका लागतो, जीव घुसमटतो, औषध किंवा तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात ओतणं हेही तितकंच धोक्याचं, कारण रडताना ते हुंदक्याबरोबर श्वास आत घेतच असतं. रडू थांबेपर्यंत थांबा. पाच-दहा मिनिटं उशीर झाला म्हणून डोस बिघडत नाही. सासूबाईंना दूर ठेवू नका मात्र. मुलाला मांडीवर घेऊन बसायला, बोलण्यात गुंतवायला आजीइतकं चांगलं माणूस नाही. सिरिंज तुमच्या हातात, नातू त्यांच्या मांडीवर.

धाकटीचं ऐका, कारण तिथे मला जास्त ठामपणे बोलायचंय. आठ महिन्यांच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. औषधाला लावून नाही, गुटी उगाळताना नाही, बोटावर चाटवायलाही नाही. मधात बॉट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, रडणं क्षीण होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान आणि हातपाय लुळे पडतात, आणि श्वासापर्यंत वेळ येऊ शकते. मध उकळून किंवा घरच्या पोळ्याचा शुद्ध मध वापरून हा धोका टळत नाही. ते बीजाणू स्वयंपाकघरातल्या उष्णतेला दाद देत नाहीत आणि शुद्धतेशी त्यांचा काही संबंध नाही. हा आजार सहसा दिसत नाही, पण तो टाळायला फक्त वर्षभर थांबायचंय. आधी कधी चाटवला असेल आणि बाळ नीट दूध पितंय, खेळतंय, शी होतेय, तर घाबरून जाऊ नका. वरचं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि मध दिला होता हे सांगा. वर्ष झाल्यावर मध खुशाल द्या. मोठ्याला खोकल्यात रात्री झोपताना अर्धा चमचा मध चांगलाच.

लोहाचं औषध दुधातून देऊ नका. दुधातल्या घटकांमुळे लोह शोषलं जाणं कमी होतं, म्हणजे आशाताईंनी घरी आणून दिलेलं औषध बरंचसं नुसतंच आतून फिरून बाहेर येतं. ही बाटली सरकारच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातली असेल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली देतात, त्यात वीस मिलिग्रॅम लोह आणि शंभर मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. बाटलीच्या तोंडालाच मापाची सोय असते. दुपारी मऊ वरणभात भरवताना त्यावर लिंबाचे दोन-चार थेंब पिळा. जेवण झालं की औषध थेट गालाच्या आत सोडा आणि लगेच अंगावर घेऊ नका, थोडा वेळ जाऊ द्या. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं. दात येत असतील तर औषध जिभेच्या मागे पडेल असं द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर दातांवर काळपट डाग येतात. ते कायमचे नसतात, पण बघून जीव कासावीस होतो. शी काळी होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाला ताप, जुलाब किंवा धाप असेल त्या दिवसांत हे औषध थांबवून आशाताईंना विचारा. आणि ही बाटली मोठ्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. लोहाचं औषध भरपूर प्यायलं गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

लोहाचा विषय निघालाच आहे तर मोठ्याबद्दलही एक सांगते. आपल्याकडे मुलांना सकाळी चहा-चपाती किंवा चहा-बिस्किट द्यायची सवय फार. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. ही सवय घरात असेल तर ती मोडा, औषध चालू असो वा नसो.

तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या इतर आयाबाबांसाठी थोडं आणखी. प्रत्येक औषधाची पथ्यं वेगळी असतात, आणि एकाला चाललं ते दुसऱ्याला चालेल असं धरून चालू नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक्स दूध-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि कमी शोषली जातात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन मोसंबीच्या किंवा संत्र्याच्या रसातून दिलं तर आंबटपणामुळे उलट जास्त कडू लागतं. आणि आपण तर कडू औषध म्हटलं की आधी मोसंबीच पिळतो. सेफपोडॉक्झिम खाण्याबरोबर दिलं तर चांगलं शोषलं जातं. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन मात्र उपाशीपोटीच चांगलं लागू पडतं. आता लहान मुलांसाठी या औषधांच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मिळतात, त्या पाण्यात विरघळवून सकाळी खाण्याआधी द्यायच्या. लघवी केशरी झाली तर बिचकायचं नाही.

थायरॉइडच्या गोळीबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला जन्मतःच थायरॉइडची कमतरता असते, आणि पहिली दोन-तीन वर्षं हे औषध बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागतं. त्यात रोजचा डोस पुरा जाणं किती महत्त्वाचं, हे वेगळं सांगायला नको. गोळी दोन चमच्यांमध्ये कुस्करायची, आईच्या दुधाच्या किंवा पाण्याच्या चमचाभर थेंबांत कालवायची आणि लगेच द्यायची. दुधाच्या बाटलीत टाकायची नाही, कारण बाळ बाटली संपवेलच असं नाही आणि पावडर बाटलीच्या कडेला चिकटून राहते. सकाळीच सगळ्या दिवसांचं एकदम कालवून ठेवायचं नाही. सोयाबीनच्या दुधाबरोबर तर मुळीच नाही. लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे.

गोळ्या कुटण्याचाही एक वेगळा विषय आहे. नावापुढे डीटी असेल तर ती पाण्यात विरघळवायचीच गोळी आहे, बिनधास्त विरघळवा. पण एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेली असते. ती खलबत्त्यात कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. फिट्सवरच्या व्हॅलप्रोएटच्या लांब चालणाऱ्या गोळ्या अशाच. त्याच औषधाचं सिरप सोड्यातून किंवा फसफसणाऱ्या पेयातून दिलं तर तोंड आणि घसा चुरचुरतो. पित्तावरच्या ओमेप्रॅझॉलच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे आम्लापासून वाचवणाऱ्या लेपाचे असतात. ते चावायचे नाहीत, दुधातही भिजवायचे नाहीत. शिजवलेल्या सफरचंदाच्या गार झालेल्या गराच्या एका चमच्यावर पसरून, न चावता गिळायला द्यायचे. प्रत्येक वेळी एवढं लक्षात कोण ठेवणार? त्याची गरजही नाही. औषध घेताना मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्टला एवढंच विचारा: "हे कशात मिसळून दिलं तर चालेल, आणि कशात नाही?" गर्दी असली तरी विचारा. उत्तर द्यायला त्याला अर्धा मिनिट लागतो आणि ते त्याचं कामच आहे.

पावसाळ्यात जुलाबाची पत्रं फार येतात, म्हणून ओआरएसचंही सांगते. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. दुधात नाही, रसात नाही, थंड पेयात नाही, वर साखर घालून नाही. त्यातल्या मीठ-साखरेचं प्रमाण हेच औषध आहे, ते मोडलं की जुलाब वाढू शकतात. बरोबर दिलेली झिंकची गोळी चमचाभर आईच्या दुधात, पाण्यात किंवा ओआरएसमध्ये विरघळते. ती जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायची.

आणि पॅरासिटामॉल. हे औषध जवळजवळ प्रत्येक घरात असतं आणि मापाच्या सगळ्यात जास्त गफलती यातच होतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत शंभर मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत सव्वाशेच्या आसपास. दुसऱ्या सिरपमध्ये पाच मिलीत अडीचशे. म्हणजे दहा किलोच्या बाळाला दीडशे मिलिग्रॅम द्यायचं तर थेंबांतून दीड मिली, साध्या सिरपमधून सहा मिली आणि जास्त ताकदीच्या सिरपमधून तीन मिली. मोठ्याच्या सिरपचं 'सहा मिली' डोक्यात ठेवून कुणी बाळाला थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं, तर एकदम चौपट औषध गेलं. घरात दोन मुलं असली की हे अगदी सहज घडतं. बाटलीवर मुलाचं नाव आणि मिली स्वतः पेननं लिहा, आणि रात्री डोळ्यावर झोप असताना दिवा लावूनच मोजा.

औषध उलटून पडलं तर काय, हे बऱ्याच जणी विचारतात. दिल्याबरोबर, पाच-दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं तर बहुतेक औषधांचा डोस पुन्हा देतात. अर्धा-पाऊण तास होऊन गेला असेल तर पुन्हा देत नाहीत. पण फिट्सची, हृदयाची औषधं असतील तर स्वतः ठरवू नका, आधी विचारा. आणि प्रत्येकच डोस उलटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या चवीचं, कमी मात्रेचं किंवा विरघळणाऱ्या गोळीचं औषध मिळू शकतं. चव हे मुलांच्या बाबतीत खरं कारण आहे, डॉक्टरांनाही ते ठाऊक असतं.

दूध परत कसं सुरू करायचं, तेही सांगते. आजपासून त्याच्या दुधात किंवा जेवणात औषध मिसळू नका, आणि हे त्याला सांगूनही टाका: "यापुढे दुधात औषध नसणार. औषध वेगळं, सिरिंजमध्ये." दूध त्याच्या समोर पातेल्यातून ओता, पावडर त्यालाच ढवळू द्या. नको म्हणाला तर आग्रह करू नका, गयावया करू नका, कप उचलून ठेवा. आठ-दहा दिवस दूध प्यायला नाही तर काही बिघडत नाही. दही, ताक, नाचणीचं सत्त्व, चीजचा तुकडा यांतून कॅल्शियम येतंच. कप बदलून बघा, जुन्या कपाला त्याच्या मनात औषधाचा वास चिकटला असेल.

शेवटी बाटलीबद्दल. ज्या दिवशी पाणी घातलं ती तारीख लेबलवर लिहा. पाणी उकळून गार केलेलं, खुणेपर्यंत, दोनदा घालून मध्ये हलवलेलं असावं. ती फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. डॉक्टरांनी औषध सात दिवसांच्या पुढे वाढवलं तर नवीन बाटली घ्या, जुनीतलं उरलेलं वापरू नका. आणि राहिलेलं औषध धाकटीला पुढच्या वेळी होईल म्हणून ठेवू नका. तिचं वजन वेगळं, तिचं दुखणं वेगळं.